शुक्राणूची वेगळी चूल : वृषणपेशींतील ऊर्जा-विकरांच्या जनुकांविषयी

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार मानतो. अशा प्रसंगी हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र वृषणातील पेशींच्या ऊर्जाव्यवस्थेविषयी बोलणार आहे. विषयाचे नाव जाहीर झाले तेव्हा सभागृहात किंचित चुळबुळ झाली, ती माझ्या नजरेतून सुटली नाही. तो संकोच स्वाभाविक आहे. परंतु त्या संकोचाची किंमत कोण मोजते, हाही आजच्या विषयाचाच भाग आहे.

मूल होत नाही म्हणून एखादे दांपत्य रुग्णालयात येते तेव्हा केसपेपर बहुधा पत्नीच्या नावाने निघतो. तिच्याजवळच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे अहवाल असतात, संप्रेरकांच्या तपासण्या असतात, गर्भनलिकांची क्ष-किरण तपासणी असते, क्वचित दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रियाही असते. पतीच्या वीर्यतपासणीचा कागद शोधावा, तर तो नसतो. कारण विचारले की उत्तर ठरलेले : ‘ह्यांची प्रकृती अगदी ठणठणीत आहे.’ कोणी दिवसभर शेतात राबणारे, कोणी तालमीत घाम गाळणारे, कोणी आयुष्यात एक गोळीही न घेतलेले. सासूबाई सोबत असल्या तर त्या हे वाक्य अधिक ठामपणे सांगतात. ‘वांझ’ हा शब्द आपल्या भाषेने स्त्रीच्याच कपाळी चिकटवला. पुरुषासाठी तितका बोचरा शब्द घडवण्याची गरज समाजाला भासली नाही.

वस्तुस्थिती अशी, की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो, आणि वैद्यकीय अनुभव असा, की अशा दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा इतर कारणांच्या जोडीने उपस्थित असते. ‘प्रकृती ठणठणीत, म्हणजे शुक्राणूही ठणठणीत’ हे अनुमान आकडेवारीने खोटे ठरवता येतेच. मला आज ते पेशीच्या पातळीवर तपासायचे आहे. तेथे ते अधिक मुळापासून खोटे ठरते.

शरीरातील प्रत्येक पेशीला ऊर्जा लागते आणि तिचे चलनी नाणे म्हणजे एटीपी नावाचा रेणू. हे नाणे पाडण्याच्या टाकसाळी दोन. पहिली पेशीद्रव्यात : तेथे ग्लुकोजचे दहा पायऱ्यांत विघटन होते आणि थोडे एटीपी मिळते. दुसरी तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात : तेथे प्राणवायूच्या साहाय्याने पुष्कळ एटीपी मिळते. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते आणि प्रत्येक विकराची कृती एखाद्या जनुकात लिहिलेली असते. दंडाचा स्नायू, यकृत, मेंदू, तांबड्या रक्तपेशी यांच्या गरजा निरनिराळ्या असल्या तरी ग्लुकोज-विघटनाच्या मधल्या काही पायऱ्यांवरील विकरे सर्वत्र तीच आढळतात. घर एक, चूल एक, असा हा व्यवहार आहे.

वृषणात मात्र वेगळी चूल मांडलेली आहे.

हे प्रथम लक्षात आले ते १९६३ मध्ये. त्या काळी लॅक्टेट डीहायड्रोजनेज, अर्थात एलडीएच, या विकराचा अभ्यास जोरात होता. स्टार्चच्या जेलमध्ये विद्युतप्रवाह सोडून प्रथिने वेगळी केली, की या विकराचे पाच पट्टे दिसत. हृदयाचा नमुना असो वा स्नायूचा, पट्ट्यांची तीव्रता बदले, संख्या पाचच राही. ब्लँको आणि झिंकहॅम यांनी मानवी वृषणाचा अर्क तपासला तेव्हा तेथे सहावा पट्टा उमटला. त्याच वर्षी गोल्डबर्ग यांनाही स्वतंत्रपणे मानवी शुक्राणूंत तो आढळला. सर्वांत बोलकी गोष्ट ही, की वयात न आलेल्या मुलांच्या वृषणात हा पट्टा नव्हता. शुक्रजनन सुरू झाल्यावरच तो प्रकट होत होता. आज त्याला एलडीएच-सी म्हणतात. त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर, स्नायूंतील एलडीएचच्या जनुकाच्या अगदी शेजारी आहे. एकाच मूळ जनुकाची प्रत निघून ही दोन भावंडे झाली. थोरले स्नायूत राबते, धाकट्याचे काम जवळजवळ केवळ शुक्राणूंपुरते आहे.

पुढील काही दशकांत अशी आणखी उदाहरणे सापडत गेली. त्यांतील एका उदाहरणापाशी मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण जीवसृष्टीच्या कारभारातील इतकी चातुर्याची गोष्ट मला तरी दुसरी ठाऊक नाही.

ग्लुकोज-विघटनाच्या सातव्या पायरीवर फॉस्फोग्लिसरेट कायनेज, थोडक्यात पीजीके, हे विकर असते. प्रत्यक्ष एटीपी हाती पडते अशी ही पायरी. तिचे नेहमीचे जनुक, पीजीके-१, एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. एरवी याने काही अडत नाही. परंतु शुक्रजननाच्या मार्गावर एक नाजूक टप्पा येतो, तो अर्धसूत्री विभाजनाचा. येथे जोडीची गुणसूत्रे परस्परांना बिलगतात, अंशांची देवाणघेवाण करतात आणि मग विभक्त होतात. एक्स आणि वाय ही जोडी मात्र विजोड. ती केवळ टोकांशी जुळते, बाकीचा भाग एकाकी राहतो. जोडीदार न मिळालेल्या भागाला पेशी कुलूप घालते. एक्स आणि वाय दोन्ही केंद्रकाच्या कडेला एका घट्ट गाठोड्यात बांधली जातात आणि त्यांवरील बहुसंख्य जनुके मूक होतात. शुक्राणू तयार होईपर्यंत ती बहुतांशी मूकच राहतात. नर-जननपेशींत एक्स गुणसूत्र असे निष्क्रिय होत असावे, हा विचार लिफशिट्झ आणि लिंडस्ली यांनी १९७२ मध्ये मांडला होता; पुढील संशोधनाने त्याला भरभक्कम पुरावा मिळाला.

आता अडचण ध्यानात घ्यावी. ज्या टप्प्यावर पेशीला आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम करावयाचे आहे, नेमक्या त्याच टप्प्यावर सातव्या पायरीच्या विकराचे जनुक कुलुपात जाते. घरात धान्य आहे, पण जात्याचा खुंटाच कोणी काढून नेला, अशी अवस्था.

यावरचा तोडगा कोट्यवधी वर्षांपूर्वी, योगायोगाने, निघालेला आहे. जनुकाचा मजकूर प्रथम संवाहक आरएनएमध्ये उतरतो आणि उतरताना त्यातील निरर्थक मधले भाग गाळले जातात. फार प्राचीन काळी पीजीकेच्या अशा एका गाळीव प्रतीवरून उलटा डीएनए तयार झाला आणि तो दुसऱ्या एका गुणसूत्रात जाऊन बसला. अशा प्रती बहुधा निकामी ठरतात, ही टिकली. १९८७ मध्ये मॅकॅरी आणि थॉमस यांनी मानवी पीजीके-२ जनुकाची रचना उलगडली. पीजीके-१ मध्ये असलेले मधले खंड येथे एकही नव्हते. प्रत संवाहकावरून निघाल्याची ही सहीच म्हणायची. माणसात हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे कुलूपबंद कोठडीच्या बाहेर, आणि ते शुक्रपेशीतच उच्चरवाने बोलते. थोरल्या भावाला मौन धारण करावे लागते, त्याच सुमारास धाकटा बोलू लागतो.

एका उदाहरणावरून नियम मांडणे बरे नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे. ग्लुकोजच्या विघटनातून निघालेले पायरुव्हेट तंतुकणिकेच्या भट्टीत नेणारे द्वारपाल विकर म्हणजे पायरुव्हेट डीहायड्रोजनेज. त्याच्या एका घटकाचे जनुक माणसात एक्स गुणसूत्रावर आहे, आणि त्याचीही मधले खंड नसलेली, वृषणात काम करणारी प्रत चौथ्या गुणसूत्रावर आहे. ही १९९० मध्ये वर्णिली गेली. यावर कळस चढवला तो ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९३ मध्ये. कांगारूच्या कुळातील, पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांत हेच जनुक एक्सवर नसून साध्या गुणसूत्रावर असते, असे त्यांनी दाखवले. आणि त्या प्राण्यांत वृषणासाठीची वेगळी प्रतही नाही! जेथे कुलूप नाही तेथे दुसऱ्या किल्लीची गरजच पडली नाही. विज्ञानात इतका स्वच्छ पडताळा क्वचित मिळतो.

तथापि एक्स गुणसूत्राच्या मौनाने सगळेच उलगडते असे नाही. एलडीएचची भावंडे अकराव्या गुणसूत्रावर आहेत, तेथे कुलूप नाही. तरीही शुक्राणूने वेगळा एलडीएच बाळगला. सहाव्या पायरीवरच्या जीएपीडीएच या विकराचे तसेच. त्याचे नेहमीचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर सुखाने बोलत असते, आणि तरीही शुक्राणूसाठी जीएपीडीएस नावाचे स्वतंत्र विकर आहे. येथे कारण जागेचे दिसते.

मानवी शुक्राणूची लांबी सुमारे ५५ ते ६० मायक्रोमीटर. त्यातील डोके चार-पाच मायक्रोमीटरचे. त्यामागे तेवढ्याच लांबीचा मध्यखंड, ज्याच्याभोवती तंतुकणिका दोरीसारख्या गुंडाळलेल्या असतात. उरलेली सारी शेपटी, आणि शेपटीत तंतुकणिका एकही नाही. वल्ही मारणाऱ्या प्रथिनांना एटीपी हवे ते शेपटीच्या टोकापर्यंत, आणि मोठी भट्टी मानेपाशी. म्हणून ग्लुकोज-विघटनाची विकरे शेपटीच्या तंतुमय वेष्टनातच बसवलेली आहेत. जीएपीडीएसच्या एका टोकाला प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असा एक जादा तुकडा असतो, तो नेहमीच्या जीएपीडीएचला नसतो. या तुकड्यामुळे विकर त्या वेष्टनाला खिळून राहते, असे मानतात. गावात एकच मोठी गिरणी ठेवण्याऐवजी वाड्यावाड्यांवर लहान चुली मांडल्या, असे समजावे.

या लहान चुली खरोखर किती महत्त्वाच्या, याचे उत्तर २००४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात मिळाले. तेथील संशोधकांनी उंदरांतील जीएपीडीएसचे जनुक नाहीसे केले. ते नर उंदीर दिसायला, वागायला, वजनाला निरोगी होते. त्यांच्या वृषणात शुक्राणू तयार होत होते. त्या शुक्राणूंच्या तंतुकणिका प्राणवायू नेहमीप्रमाणे वापरत होत्या. तरीही शुक्राणूंतील एटीपी नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले होते आणि ते पुढे सरकतच नव्हते. जागच्या जागी क्षीणपणे वळवळत होते. ते नर प्रजननास असमर्थ ठरले. २००८ मध्ये एलडीएच-सी नसलेल्या उंदरांची आणि २०१० मध्ये पीजीके-२ नसलेल्या उंदरांची हकिगत प्रसिद्ध झाली. तीही याच वळणाची : शुक्रजनन चालू, शरीर धडधाकट, शुक्राणूंची गती आणि प्रजननक्षमता मात्र खालावलेली.

‘प्रकृती ठणठणीत आहे’ या वाक्याचा निकाल माझ्या मते येथे लागतो. दंडातील बेटकुळी ज्या जनुकांच्या बळावर फुगते ती जनुके आणि शुक्राणूची शेपटी ज्या जनुकांच्या बळावर हलते ती जनुके, यांतील काही चक्क निराळी आहेत. एक चूल पेटलेली आहे यावरून दुसरी पेटलेली असेलच, असे म्हणता येत नाही. उलट, दुसरी विझलेली असेल तर तिचे कोणतेही लक्षण शरीरावर दिसणार नाही. पुरुषाचे शरीरबळ, त्याचे लैंगिक सामर्थ्य आणि त्याच्या शुक्राणूंची गती या तीन स्वतंत्र बाबी आहेत. गती कमी निघाली म्हणून कोणाच्या पुरुषत्वाला उणेपणा येत नाही, आणि पुरुषत्वाचा डौल आहे म्हणून तपासणी टाळण्याचा अधिकारही कोणाला मिळत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी. उंदराचे सारे माणसाला लागू पडत नाही. उंदराच्या वृषणात सायटोक्रोम-सी या प्रथिनाचाही वेगळा प्रकार असतो. माणसात ते जनुक निकामी अवशेष होऊन पडले आहे. बैलाचा शुक्राणू तंतुकणिकांवर अधिक विसंबतो, उंदराचा आणि माणसाचा ग्लुकोज-विघटनावर अधिक, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शिवाय शुक्राणूंच्या शेपटीच्या दोषांनी पीडित पुरुषांत आजवर जी जनुके दोषी आढळली, ती बहुतांशी शेपटीच्या बांधणीची आहेत, उदाहरणार्थ २०१४ मध्ये उजेडात आलेले डीएनएएच-१. तेव्हा मंद गतीच्या प्रत्येक रुग्णाला ऊर्जा-विकरांच्या जनुकतपासणीसाठी पाठवणे हे आज विज्ञान नव्हे. तो रुग्णाच्या खिशावरचा भार आहे.

शुक्रपेशी लहानपणी काय खाते, हेही पाहण्यासारखे आहे. वृषणातील नलिकांमध्ये सर्टोली पेशी असतात. १८६५ मध्ये एन्रिको सर्टोली या इटालियन संशोधकाने त्या वर्णिल्या. या पेशी परस्परांना घट्ट जोडलेल्या असून रक्त आणि वाढत्या शुक्रपेशी यांच्यामध्ये त्यांची भिंत उभी असते. रक्तातील ग्लुकोज त्या स्वतः घेतात, त्याचे लॅक्टेट करतात आणि ते शुक्रपेशींना पुरवतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉटरडॅम येथील प्रयोगांत उंदीरवर्गातील प्राण्यांच्या विलग केलेल्या शुक्रपेशींना नुसते ग्लुकोज दिले तर त्यांचे भागेना. लॅक्टेट दिल्यावर त्या तगल्या. आईने घास चावून मऊ करून बाळाला भरवावा, तशी ही सोय. ज्या पेशीला बालपणी ग्लुकोज पचत नाही तीच पुढे ग्लुकोजवर आणि वीर्यातील फ्रुक्टोजवर पळते, हा बदल जनुकांच्या अभिव्यक्तीतून घडतो.

आणि ही अभिव्यक्ती वेळेआधी उरकावी लागते. शुक्राणू आकाराला येताना त्याच्या डीएनएभोवतीची नेहमीची प्रथिने काढून तेथे प्रोटामिने बसवली जातात आणि सारे सामान इतके दाबून बांधले जाते, की त्यानंतर एकही जनुक वाचता येत नाही. म्हणून पीजीके-२ सारख्या जनुकांचे संवाहक आरएनए आधीच लिहून साठवले जातात आणि प्रथिन काही दिवसांनी, गरजेच्या वेळी, तयार होते. कोकणात पावसाळा लागण्यापूर्वी आगोटीची बेगमी करून ठेवतात. नदीला पूर आला आणि वाट बंद झाली, की घरात आहे त्यावरच भागवायचे. परिपक्व शुक्राणूची स्थिती अशीच असते. त्याच्या शेपटीतील विकरे कित्येक आठवड्यांपूर्वी भरलेली असतात. नवे काही घडवण्याची सोय त्याच्यापाशी उरलेली नसते.

यातून निघणारे व्यावहारिक तात्पर्य वैद्यकीय सल्ल्यात रोज उपयोगी पडते. माणसात शुक्रजननाला सुमारे ७४ दिवस लागतात. पुढे अधिवृषणातील प्रवासाचे काही दिवस. आज तपासलेला शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या परिस्थितीचा साक्षीदार आहे. दोन महिन्यांपूर्वी जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याची सावली आजच्या अहवालावर पडू शकते. तंबाखू आज सोडली तर तिचा गुण पुढच्या आठवड्यात शोधू नये. आणि ‘आठ दिवसांत शक्ती’ देण्याची ग्वाही देणाऱ्या डब्यांविषयी काय सांगावे? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

या डब्यांवर आपल्याकडील गरीब कुटुंबेसुद्धा महिन्याचा किराणा निघेल इतके पैसे खर्च करतात, म्हणून पुराव्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. २०२० मध्ये अमेरिकेत २,३७० दांपत्यांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक आम्ल देण्यात आले. वीर्याची गुणवत्ता सुधारली नाही आणि अपत्यप्राप्तीचे प्रमाणही वाढले नाही. त्याच वर्षी सुमारे पावणेदोनशे दांपत्यांच्या दुसऱ्या चाचणीत निर्-ऑक्सिडकांचे मिश्रण तपासले गेले. त्यात तंतुकणिकांच्या इंधनवाहतुकीशी संबंधित म्हणून गाजलेले कार्निटीनही होते. तेथेही लाभ दिसला नाही. ऊर्जेचा दोष म्हणजे ऊर्जेची भुकटी, हे समीकरण ऐकायला सोपे आहे, पण पेशी ते मानत नाही. तरुणांच्या व्यायामशाळांत मिळणारी टेस्टोस्टेरॉनची वा तत्सम इंजेक्शने तर उलटाच परिणाम करतात. बाहेरून आलेले संप्रेरक पाहून मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणाला आदेश देणे थांबवते, आणि शुक्रजनन मंदावते किंवा बंद पडते. शरीर पिळदार होत असताना शुक्राणू शून्यावर गेलेले, असे तरुण आता अनेक ठिकाणी आढळू लागले आहेत.

नाण्याची दुसरी बाजू गर्भनिरोधनाची. जी विकरे केवळ शुक्राणूत आहेत ती तात्पुरती अडवता आली, तर बाकीच्या शरीराला धक्का न लावता पुरुषांसाठी गोळी करता येईल, ही कल्पना जुनी आहे. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या काही गावांत मुले होण्याचे प्रमाण घटल्याचे लक्षात आले आणि त्याचा माग काढता गॉसिपॉल हे द्रव्य हाती लागले. १९७० च्या दशकात तेथे ८,००० हून अधिक पुरुषांना ते देण्यात आले. शुक्राणू घटले खरे. परीक्षानळीत ते एलडीएच-सीला अडवते हेही दिसले. परंतु ते इतर अनेक विकरांनाही अडवते. काही पुरुषांच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरले आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. तो मार्ग सोडून द्यावा लागला. (विदर्भ-मराठवाड्यातील श्रोत्यांनी चिंता करू नये; शुद्धीकरण केलेल्या सरकीच्या तेलातून गॉसिपॉल काढून टाकलेले असते.) अल्फा-क्लोरोहायड्रिन हे दुसरे द्रव्य शरीरात गेल्यावर जीएपीडीएसलाच रोखणारे रूप धारण करते, उंदीरवर्गात ते प्रभावी ठरले, पण माकडांत त्याने अस्थिमज्जेला इजा केली. अलीकडे, फेब्रुवारी २०२३ मध्ये, न्यूयॉर्कच्या संशोधकांनी निराळ्या दिशेचे काम प्रसिद्ध केले. शुक्राणूला ‘आता पळ’ असा संदेश देणारे विद्राव्य अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकर त्यांनी एका मात्रेने अडवले. उंदरांचे शुक्राणू अडीच तासांपर्यंत निश्चल राहिले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झाले. माणसांसाठीचे औषध यापासून अजून दूर आहे, तरी वाट तर्कशुद्ध वाटते.

हे संशोधन आपल्या देशाला का हवे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील, म्हणजे २०१९-२१ मधील, दोन आकड्यांत सामावले आहे. विवाहित स्त्रियांमध्ये स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. मूल हवे असताना तपासणी तिची, आणि मूल नको असताना शस्त्रक्रियाही तिचीच.

आता आपल्या रुग्णालयाविषयी. वीर्यतपासणी ही स्त्रीच्या बहुतेक तपासण्यांपेक्षा स्वस्त आहे, तिच्यात सुई नाही, भूल नाही, वेदना नाही. म्हणून ती क्रमाने पहिली असावी, असा आग्रह मी आपणा सर्वांपुढे धरतो. केसपेपर दोघांच्या नावाने निघावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण ३० टक्के ही खालची संदर्भमर्यादा आहे. एखाद्याचे २५ आले म्हणून त्याला अपत्य होणार नाही असे कोणीही सांगू नये, आणि एकाच नमुन्यावरून तर मुळीच नको. सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, कारण तोवर शुक्राणूंची नवी पिढी तयार झालेली असते. निश्चल शुक्राणू म्हणजे मृत शुक्राणू नव्हे. इओसिनचे रंजन केले की जिवंत पेशी रंग शिरू देत नाही, एवढ्या साध्या कसोटीने फरक कळतो. जिवंत शुक्राणू हाती असेल तर सूक्ष्म सुईने तो थेट अंड्यात सोडण्याची पद्धत १९९२ पासून उपलब्ध आहे. तेथे त्याला पोहावे लागत नाही. त्या खर्चिक मार्गाने जाण्याची गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे ठरवण्यासाठीच पहिली तपासणी नीट व्हायला हवी.

वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील आणि नमुना अल्प असेल, तर फ्रुक्टोजची रंगपरीक्षा करावी. वीर्यातील ही शर्करा थॅडियस मान यांनी केंब्रिज येथे १९४६ मध्ये ओळखली. ती वीर्याशयात तयार होते. ती नसेल तर वीर्याशयाचा किंवा वाहिनीचा दोष संभवतो आणि वृषण कदाचित निर्दोष असते. रिसॉर्सिनॉल, आम्ल, उकळते पाणी आणि उमटणारा नारिंगी-तांबडा रंग : एवढ्या चाचणीने एखाद्या पुरुषाच्या उपचारांची दिशा बदलते.

शेवटी देणगीदारांना एक विनंती. शुक्राणूंची गती नमुना मिळाल्यापासून एका तासाच्या आत, शक्यतो अर्ध्या तासात तपासायची असते, आणि तोवर तो शरीराच्या तापमानाच्या आसपास ठेवायचा असतो. घरून बसने दीड तासाने आणलेल्या नमुन्यात चुली विझत आलेल्या असतात आणि अहवाल उगाचच वाईट येतो. रुग्णालयाच्या शौचालयात, दारावर कोणी थाप मारत असताना, पुरुषाने नमुना द्यावा ही अपेक्षाही रास्त नाही. प्रयोगशाळेला लागून एक लहान खोली, आतून कडी लागणारे दार, हात धुण्याची सोय, आणि जवळच तापमान राखणारी पेटी एवढेच हवे आहे. मोठी यंत्रे देण्यास दाते पुढे येतात. अशा खोलीवर नाव कोरण्यास कोणी फारसे उत्सुक नसते, हे मी जाणतो. नाव कोरले नाही तरी चालेल.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. ज्यांना उभे राहून विचारणे अवघड वाटते त्यांनी चिठ्ठी पाठवावी.